नकलेची तालीम

आमच्या शिक्षणखात्यात ‘नक्कल’ हा शब्द फार बदनाम आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की कॉपीमुक्तीचे फलक लागतात, भरारी पथके फिरतात, आणि मुलांच्या मनात एवढेच ठसते की दुसऱ्याचे पाहून उतरवणे म्हणजे चोरी. परीक्षेपुरते ते खरेच आहे. पण ज्यांनी लहानपणी मुलतानी मातीने सारवलेल्या तख्तीवर उस्तादांच्या अलिफ-बेवर कलम फिरवली आहे, त्यांना नकलेचा दुसरा अर्थही ठाऊक असतो. खत्तातीत त्याला ‘मश्क’ म्हणतात. उस्तादाने लिहिलेला नमुना समोर ठेवायचा आणि हात त्या वळणात बसेपर्यंत तोच लिहीत राहायचा. कित्येक महिने स्वतःचे असे काहीच लिहायचे नाही. बी.एड.च्या पुस्तकांत अनुकरणाविषयी दोन-चार पाने असतात. मश्कीचे नाव मात्र त्यांत मला कुठे दिसले नाही.

ही मश्क चित्रकलेत कशी चालली, आणि तीही परक्या धर्माच्या, परक्या मुलखातल्या चित्रांवर, त्याचा इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवावा असे बरेच दिवस मनात होते. त्याची सुरुवात गोव्यात होते आणि त्याचा एक धागा थेट आपल्या वऱ्हाडात येऊन तुटतो.

अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे. तीत ‘बासिम’ हे नाव येते. तेच आजचे वाशीम. १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झालेला आमचा जिल्हा त्या ग्रंथात महसुलाच्या हिशेबात बसलेला आहे. अनसिंगहून वाशीमला जाताना मला पुष्कळदा गंमत वाटते, की ज्या पुस्तकात आपल्या मुलखाचा सारा लिहिला आहे त्याच पुस्तकात बादशहाच्या तसवीरखान्याचा वृत्तांतही आहे. चितारी कोण, त्यांना रंग काय दराने मिळत, दर आठवड्याला त्यांचे काम बादशहापुढे कसे मांडले जाई, हे सगळे त्यात येते. अबुल फजल आपल्या चिताऱ्यांची तुलना हिरातच्या बिहजादशी करतो आणि त्याच दमात फिरंगी चित्रकारांचेही नाव घेतो. फिरंगी चित्रे तोवर दरबारात येऊन पोहोचली होती, हे यावरून उघड आहे.

ती आली गोव्याहून. १५७५ साली अकबराने हाजी हबीबुल्लाह यांना गोव्याला पाठवले. त्यांच्याबरोबर कारागीरही दिले होते. तिथले हुन्नर डोळ्यांनी पाहा, शिकून या, असा हुकूम होता. १५७८ च्या सुमारास ते परतले तेव्हा त्यांच्याबरोबर फिरंगी वस्तू होत्या, पोशाख होते, आणि लोक पाहत राहावेत असा एक ऑर्गन बाजा होता. बादशहाने वस्तू विकत आणायला केवळ वकील पाठवला नाही, शिकायला माणसे पाठवली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पुढच्याच वर्षी बादशहाच्या निमंत्रणावरून तीन जेझुइट पाद्री गोव्याहून निघाले. इटलीचा रोडोल्फो अक्वाव्हिवा, कॅटलान प्रदेशातला अंतोनियो मोन्सेरात आणि फारसी जाणणारा फ्रान्सिस्को हेन्रिकेस. नोव्हेंबर १५७९ मध्ये निघालेली ही मंडळी सुरत, मांडू, ग्वाल्हेर या वाटेने फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस फत्तेपूर सिक्रीत पोहोचली. मोन्सेरात वाटेत आजारी पडला, तो काही दिवस मागाहून आला. त्यांनी बादशहाला अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यात १५६८ ते १५७२ या काळात छापलेले अनेक भाषांतले बायबल नजर केले. त्याच्या खंडांत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रे होती. शिवाय बीबी मरियम आणि बाल ईसा (अ.) यांची एक रंगीत तसवीर होती. ती रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमधल्या प्राचीन चित्राची नक्कल होती. म्हणजे दरबाराने डोक्यावर घेतलेली ही तसवीरसुद्धा अस्सल नव्हतीच. पाद्र्यांच्या पंथात त्या चित्राच्या प्रती करून दूरदूरच्या मिशनांत पाठवण्याची रीत होती. कुणाला त्यात कमीपणा वाटत नव्हता.

पाद्र्यांच्या पत्रांत लिहिले आहे की बादशहाने या तसवीरीला फार अदबीने सलाम केला आणि आपल्या चिताऱ्यांना ती पाहायला बोलावले. ही पत्रे वाचताना जरा सांभाळून वाचावे लागते. लिहिणाऱ्यांना बादशहा आज ना उद्या ख्रिस्ती होईल अशी आशा होती आणि त्या आशेच्या उजेडातच त्यांना सगळे दिसत होते. दुसऱ्या बाजूला मुल्ला बदायुनी होते. त्यांना दरबारातले हे सगळे बदलते वारे अजिबात पसंत नव्हते. बादशहाचे कुतूहल या दोघांच्याही मापात बसत नाही. शिवाय हेही विसरता येत नाही की ज्या गोव्यातून ही तसवीर आली त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन सुरू होते आणि साष्टीतली देवळे पाडली जात होती. अक्वाव्हिवा १५८३ साली दरबारातून परत गेला आणि त्याच वर्षी कुंकळ्ळीच्या चिडलेल्या गावकऱ्यांच्या हातून चार सोबत्यांसह मारला गेला. दरबारात ज्याच्याशी अदबीने वाद घातले जात, तो आपल्याच लोकांच्या राज्यात असा मेला.

मोन्सेरातकडे शहजादा मुराद याची तालीम सोपवली होती. तेव्हा मुराद दहा वर्षांचा होता. हाच मुराद पुढे दक्षिणेच्या मोहिमेवर आला. १५९६ साली अहमदनगरच्या चांदबीबीने तहात वऱ्हाड मोगलांना दिले आणि मुराद आपल्या मुलखाचा सुभेदार झाला. बाळापूरजवळ त्याने शाहपूर वसवले. १५९९ च्या मे महिन्यात, दारूच्या अति व्यसनाने खंगून, तो तिसाव्या वर्षाच्या आतच दक्षिणेतच वारला. त्याला परत न्यायला बादशहाने ज्याला पाठवले होते तो अबुल फजल अगदी त्याच सुमारास छावणीत पोहोचला. ज्या मुलाने पाद्र्याच्या पुस्तकातली चित्रे लहानपणी सगळ्यांत आधी पाहिली असतील, त्याच्या हातून आपल्या बाळापुरात चित्रकला काही रुजली नाही. बऱ्हाणपुरात खान-ए-खानान अब्दुर्रहीम यांच्या पदरी चितारी होते, तेवढेच.

खरे काम झाले ते तसवीरखान्यात. तिथली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एका चित्रावर बहुधा एकच हात नसे. एकाने तरह करायची, म्हणजे आखणी. दुसऱ्याने अमल, म्हणजे रंगकाम. चेहरे उमटवण्यासाठी कधी तिसराच उस्ताद असे. नव्या मुलाला आधी खाका उतरवायला देत. हरणाच्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कातड्याचा ‘चरबा’ मूळ चित्रावर ठेवून रेषा काढायची, त्या रेषांवर सुईने बारीक भोके पाडायची आणि वरून कोळशाची भुकटी मारायची. खालच्या कागदावर ठिपक्यांचे चित्र उठते. आपल्या गावात दिवाळीला छिद्रे पाडलेल्या छाप्यातून रांगोळी गाळतात, तशीच ही युक्ती. ठिपके जोडता जोडता हात तयार होई. दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रे काढताना तो बादशहाच्या नजरेस पडला आणि ख्वाजा अब्दुस्समद यांच्या हाताखाली दिला गेला. थोड्याच काळात तो उस्तादांच्या पंक्तीला बसला. शिक्षक म्हणून मला दसवंतची हकीकत फार मोलाची वाटते. त्याचा शेवट वाईट झाला, त्याने १५८४ साली स्वतःचा जीव घेतला, पण कहाराच्या पोराला दरवाजा उघडा होता हे खरे.

या मुलांपुढे आणि उस्तादांपुढे आता फिरंगी छापे आले. सगळे काळ्या शाईतले, रेषांचे. सावली दाखवायची तर कोरणाऱ्याने रेषांवर आडव्या रेषांची जाळी टाकलेली. केसूदास या चिताऱ्याने १५८० नंतरच्या वर्षांत संत जेरोमचे एक चित्र केले. ते आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. झाडाखाली बसल्याबसल्या झोपी गेलेला, अर्धउघडा, भरदार अंगाचा म्हातारा. केसूदासपुढे मारिओ कार्तारो या इटालियन कारागिराने १५६४ साली केलेला छापा होता. आणि त्या छाप्यातली बसण्याची ढब मुळात मायकलँजेलोची. रोमच्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर त्याने हजरत नूह (अ.) यांचे जे चित्र काढले, त्यातला देह असाच कलंडलेला आहे. ओल्या गिलाव्यावरचे नूह छाप्यात जेरोम झाले, छापा जहाजाने हिंदुस्थानात आला आणि एका हिंदू चिताऱ्याने मुसलमान बादशहासाठी त्यात रंग भरले. छाप्यात रंग नव्हतेच, ते केसूदासने मनाने योजले. ही नुसती नक्कल म्हणायची, तर नक्कल या शब्दाची व्याप्तीच पुन्हा तपासायला हवी.

बसावन हा त्यांच्यात सर्वांत मोठा. पार्श्वभूमी, चेहरेपट्टी, रंगांची योजना यांत अबुल फजल त्याला फार वर मानतो. प्लांटिनच्या बायबलमधल्या स्त्रीप्रतिमेवरून त्याने अनेकदा मश्क केली. पण ती बाई त्याच्या हातून दर वेळी थोडी वेगळी झाली. शेवटी तिची ओढणी आणि उभे राहणे इथले झाले.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ते एका मुलाचे चित्र. हिरातहून आलेले आका रिझा शहजादा सलीमच्या पदरी होते. त्यांचा मुलगा अबुल हसन. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात त्याचे एक लहानसे कुंचल्याचे रेखाटन आहे. त्यावर आका रिझाचा मुलगा अबुल हसन याने तेराव्या वर्षी केले, अशी नोंद आहे आणि साल हिजरी १००९ आहे, म्हणजे इ.स. १६००. तेरा वर्षे म्हणजे आमच्या सातवी-आठवीच्या वर्गातले वय. त्याच्यापुढे जर्मन उस्ताद आल्ब्रेख्त ड्युरर याने १५११ साली कोरलेला छापा होता. त्या छाप्यात हजरत ईसा (अ.) यांना सुळावर दाखवले आहे, एका बाजूला बीबी मरियम आहेत आणि दुसऱ्या बाजूला हात एकमेकांत गुंतवून उभा असलेला त्यांचा हवारी योहान.

अबुल हसनने यातला फक्त योहान घेतला. सूळ घेतला नाही, सुळावरचा देह घेतला नाही. आपल्या अकीद्याप्रमाणे ईसा (अ.) सुळावर गेलेच नाहीत, म्हणून त्याने तो भाग वगळला असे म्हणायचा मोह होतो. मी तसे म्हणणार नाही. उस्ताद शागिर्दाला मोठ्या चित्रातला एकच भाग मश्कीला देतात ही जुनी रीत आहे, आणि चुण्यांनी भरलेला लांब झगा हा शिकणाऱ्या हातासाठी उत्तम धडा आहे. त्या मुलाने झगा ज्या बारकाईने केला आहे त्यावरून त्याला काय शिकायला बसवले होते ते दिसते. ड्युररच्या छाप्यात सावली रेषांच्या जाळीची आहे. अबुल हसनच्या कुंचल्यात ती मऊ झाली, कापडाला वजन आले. चेहऱ्यावरचे दुःख मात्र त्याने छाप्यातून जसेच्या तसे उचलले. तेरा वर्षांच्या मुलाने दुसऱ्याचे दुःख इतके नीट उतरवणे हे मला आजही अचंब्याचे वाटते.

हाच मुलगा पुढे जहांगीरचा सर्वांत आवडता चितारी झाला. १६१८ साली बादशहाने त्याला ‘नादिर-उज्-जमान’ हा किताब दिला आणि आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले की हा बापाच्याही पुढे गेला. त्याने केलेले, जहांगीर आणि इराणचा शाह अब्बास एकमेकांना भेटत असल्याचे चित्र वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनात आहे. पायाखाली पृथ्वीचा गोल आहे आणि डोक्यामागे प्रभामंडळ आहे. दोन्ही फिरंगी चित्रांतून घेतलेले. पण आता ते बादशहाच्या कामाला लागले होते.

मुलीही यात होत्या. आका रिझाच्या शागिर्दांत नादिरा बानो ही मीर तकीची मुलगी होती. फिरंगी छाप्यांवरून केलेल्या चित्रांवर तिचे नाव सापडते. ‘निनी’ नावाच्या चितारणीने विरिक्सच्या छाप्यावरून संत सिसिलियाच्या शहादतीचे चित्र रंगवले. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चारशे वर्षांपूर्वी मुली उस्तादांकडे बसून हे शिकत होत्या आणि आपल्या कामावर आपले नाव लिहीत होत्या. आठवीनंतर मुलीची शाळा बंद करणाऱ्या आजच्या काही घरांत ही दोन नावे मी मुद्दाम सांगते.

आता तेलाचा प्रश्न. युरोपात त्या काळी मोठी धार्मिक चित्रे तेलरंगात होत. रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटायची. आपण वऱ्हाडात चटणी करतो ते हेच जवस. हे तेल सावकाश वाळते. म्हणून उजेडातून अंधारात जाणारी छटा ओल्या रंगातच एकमेकांत मिसळता येते. तसवीरखान्यातले रंग डिंकाच्या पाण्यातले. ते बघता बघता वाळतात, मिसळायला वेळच देत नाहीत. मग आमच्या चिताऱ्यांनी ‘परदाज’ कामाला लावले. खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने सुईच्या टोकाएवढे ठिपके आणि रेघा एकापुढे एक देत जायचे, अकीकच्या दगडाने मागून कागद घोटायचा, पुन्हा ठिपके द्यायचे. तेलाने जे काम सावकाश वाळून होते ते यांनी अपार सबुरीने केले.

तेलरंग त्यांना दिसलेच नव्हते असे नाही. १५९५ साली लाहोरला पोहोचलेल्या जेझुइटांच्या तिसऱ्या तुकडीबरोबर एक पोर्तुगीज चित्रकार होता. सलीमने त्याला मरियमच्या तसवीरीची प्रत करायला लावली, असे पाद्र्यांच्या पत्रांत येते. तरीही मोगल चिताऱ्यांनी तेल आपले केले नाही. मला याचे कारण साधे वाटते. त्यांचे चित्र किताबात राहायचे, मांडीवर घेऊन जवळून पाहायचे. भिंतीवर लांबून पाहायच्या चित्राला तेल शोभते. त्यांनी परिणाम उचलला, साधन उचलले नाही. आणि परिणाम किती हुबेहूब उचलला याची साक्ष इंग्रज वकील टॉमस रो देतो. १६१६ साली त्याने जहांगीरला एक छोटे व्यक्तिचित्र दाखवले. काही दिवसांनी बादशहाने दिव्याच्या उजेडात त्याच्यापुढे सहा चित्रे मांडली. पाच त्याच्या चिताऱ्याची, एक मूळ. मूळ कोणते ते ओळखायला रोला बराच वेळ लागला, आणि बादशहाला त्याचा आनंद आवरेना.

इथे एक प्रश्न टाळता येत नाही. एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेचे फॉर्म भरताना एका आईने मला विचारले होते, “बाजी, जानदार चीजांची तसवीर काढायला आपल्यात मना आहे ना?” उलमांत याबद्दल सखोल चर्चा झालेली आहे आणि मतेही एकसारखी नाहीत. मी शिक्षिका आहे, फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण इतिहास सांगण्याचा आहे. खुद्द अकबराच्या तोंडी अबुल फजलने असा विचार दिला आहे की चितारी देह हुबेहूब काढतो पण त्यात प्राण घालू शकत नाही, आणि म्हणूनच प्राण देणाऱ्याची आठवण त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला होत नसेल. हे मत सगळ्यांनी मानावे असे नाही. बदायुनींनी मानले नसते. पण हा वाद आपल्या घरातला, आपल्या भाषेत आणि अदबीने झालेला आहे, एवढे आपल्या मुलांना ठाऊक असावे. मुसलमानांचा चित्राशी संबंधच नाही असे जेव्हा दुसरे म्हणतात आणि आपणही मान डोलावतो, तेव्हा अबुल हसन आणि निनी दोघांचेही नाव पुसले जाते.

तेलरंगांची रीतसर तालीम आपल्याकडे आली ती फार पुढे, १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाल्यावर. तिथेही पहिला धडा नकलेचाच. प्लास्टरचे ग्रीक पुतळे समोर ठेवून महिनोन्‌महिने रेखाटन. त्याच शाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रती करवल्या. त्या चित्रांना ते इटलीच्या जुन्या उस्तादांच्या बरोबरीने तोलत. यात वाशीमकरांनी लक्ष घालण्यासारखे काही आहे. अजिंठ्याचे सोळावे लेणे करवणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या तेलरंगातल्या प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांच्याही कित्येक प्रती १८८५ च्या आगीत लंडनलाच जळाल्या. हात मात्र तयार झाले होते.

जे. जे.तून १८८० च्या दशकात शिकून निघालेले कोल्हापूरचे आबालाल रहमान आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहेत? त्यांच्या घरात कुराणशरीफच्या हस्तलिखित प्रती करण्याचे काम चाले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. म्हणजे मश्क त्यांना घरातच मिळाली होती. मुंबईत त्यांनी फिरंगी पद्धत शिकली, परत कोल्हापुरात आले, शाहू महाराजांनी त्यांना पदरी ठेवले. पुढे ते पुतळे आणि छापे मागे टाकून कोटितीर्थाच्या काठावर, रंकाळ्यावर जाऊन बसू लागले. पाणी, झाडे, सकाळचा उजेड यांची चित्रे त्यांनी इतकी काढली की कोल्हापूरच्या चित्रकारांची पुढची पिढी त्यांना गुरुस्थानी मानते. १९३१ साली त्यांचा इंतकाल झाला.

केसूदास पॅरिसला, अबुल हसन ऑक्सफर्डला, निनी लंडनला. अनसिंगच्या मुलाला हे बघायचे तर आता फोनच्या पडद्यावर दिसते, आणि छापूनही घेता येते. मी योहानच्या रेखाटनाच्या झेरॉक्स काढून आठवीच्या वर्गात वाटल्या. ज्यांच्या घरी चेहऱ्याला हरकत होती त्यांना सांगितले, चेहरा सोडा, फक्त झगा करा. दोन तासिका वर्गात कुणी बोलले नाही. चुण्या कुठे गडद आणि कुठे फिक्या, हे बघायला पाच-सहा मुलींनी आपली ओढणी बाकाच्या पाठीवर टाकून पाहिली.